टाळूवरची न दुखणारी गाठ : लाळग्रंथीची गाठ इथे कशी आली?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. आईसाठी विचारते आहे. आईचं वय 61, कराडजवळ गावी असते. तिच्या टाळूवर उजव्या बाजूला, मागच्या दाढेच्या आत, एक गोल गाठ आहे. दुखत नाही, रक्त येत नाही, वरची त्वचा गुळगुळीत. कधीपासून आहे विचारलं तर म्हणाली, "तुझ्या भावाच्या लग्नात होतीच की." म्हणजे बरीच वर्षं अंगावर काढलेली आहे. मध्ये एकदा दाढेचा गळू समजून अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, काही फरक पडला नाही.

आता कवळी करायला म्हणून नेलं, तर डेंटिस्टनी माप घ्यायचंच थांबवलं. म्हणाले, ही लाळग्रंथीची गाठ वाटते, साधी असू शकते, पण तपासल्याशिवाय बोलणार नाही. मला लाळग्रंथी म्हणजे गालगुंड होतात ती कानाखालची जागा एवढंच माहीत. टाळूत लाळग्रंथी असते? आई सकाळी मिश्री लावते, त्यामुळे घरात सगळ्यांच्या मनात एकच भीती आहे, आणि तो शब्द कोणी उच्चारत नाही.

कोणाला असा अनुभव आहे का? कोणत्या डॉक्टरकडे जावं, दातांच्या की कान-नाक-घशाच्या? आणि बायोप्सी करावी का? मामा म्हणतो गाठीला हात लावू देऊ नका.

चहाबाज
ताई, आधी एक चहा घ्या. अंदाज मनात घोळवण्यापेक्षा तपासणी लवकर उरका, एवढंच सांगेन. बाकी इथले डॉक्टर लोक येतीलच.

देवगडी
मामा बरोबर बोलतो आहे. सुई लावली की पसरतं. माझ्या चुलत्यांच्या मानेत गाठ होती, सुई घातली आणि चार महिन्यांत माणूस गेला. त्याआधी ठणठणीत होते, शेतावर जात होते. मी तरी माझ्या माणसाला सुई लावू देणार नाही.

जबडेतज्ज्ञ
मी ओरल सर्जन आहे, नाशिकला. आईंना न बघता निदान सांगणार नाही, पण विचारलेल्या गोष्टींची उत्तरं देतो.

टाळूत लाळग्रंथी असतात आणि भरपूर असतात. कानापुढची, जबड्याखालची आणि जिभेखालची अशा तीन जोड्या मोठ्या ग्रंथींच्या. त्याखेरीज ओठ, गाल, टाळू, जिभेचा मागचा भाग, घसा, नाक, अगदी श्वासनलिकेपर्यंत 600 ते 1000 बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात. जिथे ग्रंथी तिथे तिची गाठ होऊ शकते. लाळग्रंथींच्या एकूण गाठींपैकी बहुतेक कानापुढच्या ग्रंथीतच होतात, म्हणून बाकीच्या जागा आपल्याला 'भलत्याच' वाटतात. पण बारीक ग्रंथींच्या गाठींमध्ये टाळू ही सगळ्यात नेहमीची जागा, त्यानंतर वरचा ओठ.

टाळूतही या ग्रंथी पुढच्या मधल्या भागात जवळपास नसतात. मागे, दोन्ही बाजूंना, कडक टाळू संपून मऊ टाळू सुरू होतो तिथे त्यांची दाटी असते. आईंची जागा तीच. टाळूच्या बरोबर मध्यावर, दगडासारखा कडक उंचवटा असेल तर तो बहुधा हाडाचा असतो, जन्मभर राहिला तरी त्रास देत नाही.

या जागी सगळ्यात जास्त दिसणारी साधी गाठ म्हणजे प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा. वर्षानुवर्षं हळूहळू वाढते, दुखत नाही, वरची त्वचा शाबूत राहते. कृष्णाकाठ यांनी लिहिलेलं वर्णन त्याच्याशी जुळतं. पण जुळतं म्हणजे तीच आहे असं नव्हे. मोठ्या ग्रंथीतल्या गाठी बहुतांशी साध्या निघतात, कानापुढच्या ग्रंथीत पाचातल्या चार. ग्रंथी जसजशी लहान, तसतसं हे प्रमाण उलटत जातं. बारीक ग्रंथींत निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त गाठी कॅन्सरच्या असतात. म्हणून 'इतकी वर्षं आहे, दुखत नाही, राहू दे' हे टाळूच्या बाबतीत मला मान्य नाही. तिथले काही कॅन्सरसुद्धा वर्षानुवर्षं तसेच शांत राहतात.

ओरल सर्जन किंवा ईएनटी, दोन्ही चालतील. अशा शस्त्रक्रिया नेहमी करणारा हवा, आणि नमुना बघणारा पॅथॉलॉजिस्ट चांगला हवा.

कृष्णाकाठ
@जबडेतज्ज्ञ, मनापासून आभार. 'निम्म्याच्या आसपास' वाचून पोटात गोळा आला, पण खरं सांगितलंत ते बरं झालं. गाठ बोटाने हलत नाही. म्हणजे ती मुळं धरून बसली आहे का?

जबडेतज्ज्ञ
यावरून काहीच ठरवू नका. गालातली किंवा ओठातली साधी गाठ बोटाखाली सरकते, कारण तिथली त्वचा सैल असते. टाळूची त्वचा खालच्या हाडाला घट्ट चिकटलेली असते, त्यामुळे तिथे साधी गाठही हलत नाही. मी याहून जास्त लक्ष देतो ते या गोष्टींकडे : अचानक भरभर वाढली का, वर जखम झाली का, टाळू किंवा गाल बधिर वाटतो का, दुखते का, वरची दाढ आपोआप हलायला लागली का, गाठीवर निळसर झाक आहे का. यातलं काही असेल तर भेट आठवड्यावर ढकलू नका.

रानजाई
मला हीच गाठ होती, वरच्या ओठात. आरशात बघताना ओठाचा एक कोपरा फुगलेला दिसायचा. बोटाने चाचपलं की आत मटारएवढं काहीतरी सरकायचं. सगळे म्हणायचे दात लागला असेल. शेवटी दातांच्या डॉक्टरांनीच ओठाच्या आतल्या बाजूने काढली, जागेवर भूल देऊन. बाहेर व्रण नाही. रिपोर्ट प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा. काही वर्षं झाली, अजून काही नाही. ताई, धीर धरा.

स्लाइडवाली
मी पॅथॉलॉजिस्ट, पुण्यात. रानजाईंच्या अनुभवात एक महत्त्वाची जोड देते : ओठ वरचा की खालचा हे आम्ही आवर्जून विचारतो. वरच्या ओठातली घट्ट गाठ बहुधा लाळग्रंथीची साधी गाठ निघते. उतारवयातल्या बायकांमध्ये तिथे कॅनालिक्युलर ॲडेनोमा नावाची आणखी एक साधी गाठ होते, तीही मुख्यतः वरच्याच ओठात, आणि कधी कधी एकाच ओठात दोन-चार. खालच्या ओठात मात्र ग्रंथीची गाठ कमी वेळा होते, आणि झाली तर ती कॅन्सरची असण्याची शक्यता जास्त. खालच्या ओठात नेहमी दिसतो तो लाळेचा फोड. ओठ चावला गेला की बारीक नळी तुटते आणि लाळ आत साठते, तो वेगळा विषय.

आता @देवगडी. तुमच्या चुलत्यांबद्दल ऐकून वाईट वाटलं. हे मी अनेक घरांतून ऐकते, त्यामुळे नीट उत्तर द्यावंसं वाटतं. मानेत गाठ येते तेव्हा कित्येकदा आजार आधीच दुसरीकडे सुरू होऊन मानेपर्यंत पोचलेला असतो. माणूस ठणठणीत दिसतो, चालता-फिरता असतो. त्याच सुमाराला सुई लागते, निदान कळतं आणि पुढची घसरण सुईच्या खात्यावर जमा होते. एफएनएसीची (बारीक सुईने पेशी काढून तपासण्याची) सुई रक्त काढायच्या सुईएवढी किंवा तिच्याहून बारीक असते. लाळग्रंथीच्या गाठींसाठी ती जगभर रोज वापरली जाते. त्या रिपोर्टची भाषा सगळीकडे एकसारखी असावी म्हणून 2018 मध्ये मिलान पद्धत आली आणि आपल्याकडच्या कितीतरी प्रयोगशाळा आता तिच्यानुसारच रिपोर्ट देतात. सुईला घाबरून निदान वर्षभर लांबवलेले रुग्ण मी बघते. त्यांचं नुकसान स्लाइडवर स्पष्ट दिसतं.

नेत्रा_काणकोण
पण मग माझा प्रश्न ऐका. माझ्या नवऱ्याचा डावा डोळा हळूहळू खाली आणि नाकाकडे सरकल्यासारखा दिसायला लागला. दुखणं नाही. जुने फोटो काढून बघितले तेव्हा कळलं की वर्षभराहून जास्त काळ हे चाललं होतं. एमआरआयमध्ये वरच्या पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्यात अश्रुग्रंथीची गाठ दिसली. डोळ्याच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं, "हिला सुई नाही, तुकडा नाही, सरळ अख्खी काढायची." बाहेरच्या बाजूचं हाड तात्पुरतं उघडून काढली. रिपोर्ट : प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा! तोच शब्द. मग देवगडी म्हणतात त्यात तथ्य नाही असं कसं म्हणायचं?

देवगडी
हेच तर मी म्हणतो.

चहाबाज
आता वाट बघतो डॉक्टर काय म्हणतात त्याची. प्रश्न एकदम रास्त आहे.

स्लाइडवाली
रास्तच आहे, आणि नेत्राताईंच्या डॉक्टरांनी अगदी योग्य केलं.

अश्रुग्रंथी ही लाळग्रंथी नव्हे, पण रचना जवळपास तशीच, म्हणून गाठीही त्याच जातीच्या होतात. प्लिओमॉर्फिक ॲडेनोमाभोवतीचं आवरण अनेक ठिकाणी पातळ असतं आणि गाठीचे बारीक कोंब त्यातून बाहेर डोकावत असतात. आवरण फोडून आतला तुकडा घेतला किंवा गाठ काढताना फुटली तर पेशी आजूबाजूला सांडतात, रुजतात आणि बऱ्याच वर्षांनी तिथे एकीऐवजी अनेक गाठी उभ्या राहतात. ही गाठ कॅन्सर नव्हे, तरी सांडली की परत येते. डोळ्याच्या खोबणीत अशा परत आलेल्या गाठी काढणं फार अवघड. शिवाय तिथे न दुखणारी, वर्षाहून जास्त काळाची, हाड न खाता फक्त दाबणारी गाठ स्कॅनवरच बऱ्यापैकी ओळखू येते. मग तुकडा कशाला घ्यायचा?

म्हणजे प्रश्न कॅन्सर पसरण्याचा नाही, साधी गाठ सांडण्याचा आहे. भीती चाकूने आवरण उघडण्याची आहे, आणि ती जागेनुसार बदलते. कानापुढच्या ग्रंथीत चाकूने तुकडा घेत नाहीत, कारण सांडण्याबरोबरच चेहऱ्याची नसही तिथेच असते. तिथे बारीक सुई चालते, सोनोग्राफीखाली घेतलेला बारीक कोअर नमुना (सुईतून काढलेला बारीक तुकडा) चालतो. टाळूचं काय ते जबडेतज्ज्ञांनी सांगावं.

जबडेतज्ज्ञ
टाळूत तुकडा घेणं चालतं, फक्त कुठून घ्यायचा ते महत्त्वाचं. गाठीच्या मधोमध, वरच्या त्वचेतून सरळ खाली. पुढे शस्त्रक्रियेत गाठीबरोबर वरची त्वचा आणि खालचं हाडावरचं आवरणही काढतोच, त्यामुळे बायोप्सीची वाट पूर्ण निघून जाते. गाठीच्या कडेला, चांगल्या भागात छेद घेतला तर मात्र नंतर उगाच जास्त टाळू कापावा लागतो. आणि सीटी आधी करावा, बायोप्सी नंतर. तुकडा घेतल्यावर सूज येते आणि स्कॅन गढूळ होतो.

घशाच्या बाजूला खोलवर असणाऱ्या गाठींना तोंडातून तुकडा घेऊ नये, हेही इथे लिहून ठेवतो.

खडूफळा
हे शेवटचं वाक्य माझ्यासाठीच आहे. मी शाळेत शिकवतो. घरच्यांना माझा आवाज बदललेला वाटत होता, तोंडात घास ठेवून बोलल्यासारखा. घोरणं वाढलं. उजवा टॉन्सिल मध्यावर सरकलेला दिसत होता, म्हणून वारंवार टॉन्सिलची औषधं चालली. ताप कधीच नव्हता. एका ईएनटी डॉक्टरांनी टॉन्सिलवर बोट ठेवून दुसरा हात जबड्याखाली लावला आणि लगेच एमआरआयला पाठवलं. टॉन्सिल चांगला होता, त्याच्या मागची गाठ त्याला आत ढकलत होती. गाठ मूळची कानापुढच्या ग्रंथीच्या आतल्या भागातली. जबड्याचं हाड आणि त्यामागचा अस्थिबंध यांच्या चिंचोळ्या फटीतून ती घशाकडे वाढली होती, त्यामुळे मध्ये बारीक आणि दोन्हीकडे फुगलेली. बाहेरून गालावर काही दिसत नव्हतं. मानेतून छेद घेऊन काढली, जबडा कापावा लागला नाही. आता वर्ग घेतो, आवाज पूर्वीसारखा.

टॉन्सिल एकाच बाजूचा मोठा, घसा दुखत नाही, ताप नाही, असं असेल तर मागे काय आहे ते बघा, हे मी आता प्रत्येकाला सांगतो.

निळाई
माझ्या भावाची नाकातली होती. एक नाकपुडी कायम बंद, मधूनच रक्त. ॲलर्जी, सायनस, हाड वाकडं आहे, सगळं ऐकून झालं. दुर्बिणीतून बघितल्यावर नाकाच्या मधल्या पडद्यावर गाठ दिसली. दुर्बिणीनेच काढली, पडद्याचा थोडा भाग गेला. नाकातल्या ग्रंथी म्हणे बाजूच्या भिंतींवर जास्त असतात, मग गाठ पडद्यावर कशी?

स्लाइडवाली
@निळाई, हा प्रश्न जुना आहे. नाकातल्या या गाठी बहुतेक पडद्यावरच होतात हे खरं. गर्भावस्थेत पडद्याच्या पुढच्या-खालच्या भागात वास घेणारा एक छोटा अवयव तयार होतो आणि माणसात तो मावळतो. त्याचे अवशेष मागे राहतात आणि गाठ त्यातून उगवते, असं एक मत आहे. सिद्ध झालेलं नाही.

असे अवशेष इतरत्रही सापडतात. कानापुढची ग्रंथी तयार होताना लिम्फच्या गाठी (शरीरात सगळ्यांना असतात त्या, आजाराच्या नव्हेत) तिच्या आत अडकतात आणि त्या लिम्फच्या गाठींत लाळेच्या नळ्या अडकतात. मानेतल्या लिम्फच्या गाठीत लाळग्रंथीची गाठ सापडली की आधी वाटतं, कुठून तरी पसरून आली. प्रत्यक्षात ती तिथेच जन्मलेली असू शकते.

पशुमित्र
मी पशुवैद्य. तुमच्या यादीत भर टाकतो : स्तन. कुत्र्यांच्या माद्यांमध्ये स्तनाच्या 'मिश्र' गाठी आम्ही नेहमी काढतो, आत चक्क कुर्चा आणि कधी हाडसुद्धा असतं. माणसात हे होतं का?

स्लाइडवाली
होतं, पण अगदी क्वचित. स्तनाच्या आणि लाळेच्या ग्रंथीची घडण सारखी आहे : आत नळीच्या पेशी, बाहेर आकुंचन पावणाऱ्या पेशी. प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा या दोन्हींतून बनतो आणि बाहेरच्या पेशी कुर्चेसारखं द्रव्य तयार करतात. घामाच्या ग्रंथींचंही तेच. नाकावर किंवा वरच्या ओठाच्या त्वचेवर घट्ट, न दुखणारी गाठ असेल तर ती त्वचेतली हीच मिश्र गाठ असू शकते. तिला 1961 मध्ये कॉन्ड्रॉइड सिरिंगोमा हे वेगळं नाव मिळालं. कानाच्या नळीत मळ तयार करणाऱ्या ग्रंथींतूनही होते.

पशुमित्र
म्हणजे आमची कुत्री आणि तुमचे रुग्ण एकाच भिंगाखाली. आनंद झाला!

चहाबाज
हा धागा वाचल्यापासून मी जिभेने टाळू चाचपतोय. मागे दोन्ही बाजूंना काहीतरी मऊ-मऊ लागतंय...

जबडेतज्ज्ञ
दोन्ही बाजूंना सारखंच मऊ लागत असेल तर त्या तुमच्या ग्रंथीच आहेत, व्यवस्थित. एकाच बाजूला असेल तर बॅटरी लावून आरशात बघा.

कोकणकडा
मी जरा मोठं लिहिणार आहे, कारण माझी गाठ नेहमीच्या जागची असली तरी तिच्यातून शिकण्यासारखं आहे. माझी कानापुढची. नव्वदच्या दशकात एका ठिकाणी काढली, शेंगेतून दाणा काढावा तशी फक्त गाठ उचलून. छोटा छेद, दुसऱ्या दिवशी घरी, सगळे खूश. बारा-तेरा वर्षांनी त्याच जागी हाताला खडे लागायला लागले. एक नाही, कितीतरी. स्लाइडवालींनी सांडण्याचं लिहिलं ते वाचताना माझा एमआरआय डोळ्यांपुढे आला. दुसरी शस्त्रक्रिया कित्येक तास चालली. चेहऱ्याची नस आधीच्या व्रणात चिकटलेली, तिची एक फांदी वाचली नाही. आजही उजव्या ओठाचा कोपरा हसताना पूर्ण वर जात नाही.

आणि एक विचित्र गोष्ट : आंबट खाल्लं की उजव्या गालावर घाम येतो. कोकम सरबत, लोणचं, कैरी. सोलकढीच्या पहिल्या घोटाला गाल ओला.

त्यामुळे कृष्णाकाठ, शस्त्रक्रियेआधी सर्जनला एवढं विचारा : गाठीबरोबर आजूबाजूचा चांगला भाग किती काढणार? ते उत्तर स्पष्ट मिळालं तरच पुढे जा.

जबडेतज्ज्ञ
काका, हे लिहिलंत ते फार मोलाचं. गालावरच्या घामाचं वर्णन पोलंडच्या मेंदूविकारतज्ज्ञ वुत्स्या फ्राय यांनी 1923 मध्ये नीट उलगडून केलं, म्हणून त्याला फ्राय सिंड्रोम म्हणतात. लाळेचा हुकूम नेणाऱ्या बारीक नसा शस्त्रक्रियेत तुटतात आणि पुन्हा वाढताना त्वचेतल्या घामाच्या ग्रंथींना जाऊन जुळतात. लाळेची वेळ झाली की गाल घामेजतो. फार त्रास होत असेल तर बोट्युलिनमचं इंजेक्शन मिळतं, काही महिने आराम पडतो. दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, ल्वूवच्या ज्यूंच्या वस्तीत फ्राय यांचा अंत झाला. त्यांचं नाव रोज घेणाऱ्या आम्हा डॉक्टरांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

टाळूत चेहऱ्याची नस नाही आणि हा घामही नाही, कृष्णाकाठ यांनी त्याची काळजी करू नये.

देवगडी
काकांचं वाचून पटलं की अर्धवट काम नको. सुईबद्दल माझं मन अजून तयार नाही, पण जागेनुसार फरक असतो हे कळलं. ताई, मामांना हा धागा वाचून दाखवा.

सह्याद्रीसखी
खर्चाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात जा, तिथे आरोग्यमित्राचं टेबल असतं. कोणती शस्त्रक्रिया योजनेत बसते ते तोच सांगतो. दाखल होण्याआधी विचारा, नंतर धावपळ होते. कराडहून मिरजेचं सरकारी मेडिकल कॉलेजही फार लांब नाही. आणि हो, मिश्रीमुळेच झालं का हे कोणीतरी सांगा, माझी सासूही लावते.

जबडेतज्ज्ञ
प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा तंबाखूमुळे होत नाही. लाळग्रंथीच्या साध्या गाठींपैकी वॉर्थिन ट्यूमरचा धूम्रपानाशी घट्ट संबंध आहे, पण ती जवळपास नेहमी कानापुढच्या ग्रंथीतच होते. किरणोत्सर्गाचा संबंधही दिसला आहे. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या लोकांमध्ये लाळग्रंथींच्या गाठी जास्त आढळल्या. म्हणून आईंनी स्वतःला दोष देऊ नये.

पण मिश्री बंद व्हायलाच हवी. तोंडाच्या आतल्या त्वचेचा कॅन्सर हा वेगळा आजार आहे आणि तो आपल्याकडे बहुतेकदा मिश्री-तंबाखूमुळे होतो. टाळू बघताना डॉक्टरांना गाल, हिरड्या आणि जिभेची कडही बघायला सांगा. सासूबाईंचंही तोंड बघून घ्या.

कृष्णाकाठ
मंडळी, थोडी माहिती. सीटी झाला. गाठ 2.2 सेंटीमीटर. खालचं हाड दाबून गुळगुळीत खोलगट झालंय, आरपार भोक नाही. बायोप्सी मधोमध घेतली, मी स्वतः विचारून घेतलं. (मामा सोबत होता, बाहेर बाकावर बसून राहिला.) रिपोर्ट : प्लिओमॉर्फिक ॲडेनोमाशी सुसंगत. खाली लिहिलंय की अंतिम मत संपूर्ण गाठ तपासल्यावर. हे वाचून घरात पुन्हा शांतता. असं का लिहितात?

स्लाइडवाली
प्रामाणिकपणे लिहितात म्हणून. टाळूत पॉलिमॉर्फस ॲडेनोकार्सिनोमा नावाचा एक मंद कॅन्सर होतो. त्याच्या पेशी इतक्या शांत दिसतात की छोट्या तुकड्यात साध्या गाठीशी गल्लत होऊ शकते. फरक कळतो तो कडेला : साधी गाठ शेजारच्यांना ढकलते, कॅन्सर त्यांच्यात शिरतो, नसांभोवती गुंडाळला जातो. मधोमध घेतलेल्या तुकड्यात कड नसते. शिवाय गाठ फार जुनी असेल तर आत कुठे कॅन्सर सुरू झाला आहे का तेही बघायचं असतं. पहिल्या पाच वर्षांत ही शक्यता दीड टक्क्याच्या आसपास धरतात, पंधरा वर्षांनंतर ती दहा टक्क्यांकडे जाते. तुमचा आतापर्यंतचा रिपोर्ट चांगला आहे. तो तसाच्या तसा वाचा.

रानजाई
आईंना सांगा, आम्ही सगळे वाट बघतोय.

कृष्णाकाठ
शस्त्रक्रिया झाली! पूर्ण भूल दिली होती. आधीच टाळूचं माप घेऊन ॲक्रिलिकची प्लेट बनवली होती, गाठ काढल्यावर औषधाची पट्टी आणि वर ती प्लेट बसवली. टाके घालून जखम मिटवत नाहीत, ती तळापासून आपोआप भरते, हे आधी माहीत असतं तर प्लेट काढल्यावर मी एवढी घाबरले नसते. नाकात आरपार भोक पडलेलं नाही. पाणी नाकातून येत नाही.

अंतिम रिपोर्ट आज आला : प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा, सगळ्या कडा मोकळ्या, कॅन्सर कुठेही नाही. मामा फोनवर रडला.

खाण्याचं काय केलंत कोणी? आई पेजेला कंटाळली आहे.

कोकणकडा
देवाची कृपा आणि डॉक्टरांचे हात. फार आनंद झाला पोरी.

सह्याद्रीसखी
गार पेज, ताकभात, नाचणीची आंबील, मऊ मुगाची खिचडी कोमट करून, शिरा, पिकलं केळं. भाकरी, चिवडा, शेंगदाणे नकोत. चहा गरम अजिबात नको, टाळू पोळतो.

चहाबाज
चहा कोमट?! आईंना माझा साष्टांग नमस्कार सांगा. फार मोठा त्याग.

जबडेतज्ज्ञ
अभिनंदन! जखम भरायला महिनाभर किंवा थोडा जास्त वेळ लागतो. मध्ये पांढरा-पिवळा थर दिसेल, तो पू नव्हे, खरवडू नका. जेवल्यावर मीठपाण्याने हलक्या चुळा. अचानक लालभडक रक्त आलं तर स्वच्छ कापडाची घडी अंगठ्याने टाळूवर दाबून धरा आणि रुग्णालय गाठा, तिथे मागून एक मोठी रक्तवाहिनी येते. पुढची तपासणी आधी काही महिन्यांनी, मग वर्षातून एकदा, आणि ती निदान दहा वर्षं सोडू नका. ही गाठ परत आली तर उशिरा येते, काकांनी लिहिलंच आहे. रिपोर्ट आणि स्लाइड जपून ठेवा, रुग्णालयात मागितल्या की मिळतात.

अबोली_परभणी
धागा आजच वाचला. माझ्या मुलीच्या (वय 9) खालच्या ओठात आतून निळसर फोड आहे. फुटतो, बसतो, परत येतो. हीच गाठ का?

स्लाइडवाली
फुटून बसणं आणि परत येणं हे लाळेच्या फोडाचं लक्षण आहे, गाठ अशी बसत नाही. या वयात खालच्या ओठात तेच जास्त दिसतं. मुलीला ओठ चावायची सवय आहे का ते बघा. सुईने घरी फोडू नका. तरी दातांच्या डॉक्टरांना दाखवा. काढावा लागला तर खालची बारीक ग्रंथीही सोबत काढतात, नाहीतर पुन्हा येतो. आणि काढलेला भाग तपासायला पाठवायला सांगा.

अबोली_परभणी
हो, अभ्यास करताना चावते! सोमवारी नेते आहे. आभार.